डाव्या हाताचा पाव

ता. ६ जानेवारी

ती. आक्कास,
साष्टांग नमस्कार, वि. वि.

इकडे सर्व क्षेम. तीन वर्षांत तुझे पत्र नाही. तुझ्या शेवटच्या पत्रात शुद्धलेखनाच्या एकोणीस चुका होत्या. त्या तांबड्या शाईने दुरुस्त करून मी ते पत्र तुला परत पाठवले होते. ते पोहोचले नसावे असे धरून चालतो.

पत्रास कारण की, निवृत्तीनंतर मी पाव करायला शिकतो आहे. तुझ्या कारखान्यात निघायचा तसला कापूस नव्हे. याला सावरडो म्हणतात. यात बाजारचे यीस्ट घालत नाहीत. बरणीत पीठ आणि पाणी कालवून ठेवायचे, रोज त्यातले निम्मे टाकून ताजे पीठपाणी घालायचे, म्हणजे ते आपले आपण आंबते आणि त्यावरच पाव फुगतो. पुस्तकात त्याला स्टार्टर म्हटले आहे, मी आंबवण म्हणतो. स्वयंपाकघराच्या भिंतीवर वेळापत्रक लावले आहे. शाळेत घंटा चुकली नाही, इथेही चुकत नाही. कुठल्याही कामात शेवटी डोके लागते. हात काय, सगळ्यांनाच दोन असतात.

आतापर्यंत पाच पाव झाले. रंग उत्तम, कवच उत्तम. फक्त आतून किंचित घट्ट होतात आणि उंची पुस्तकातल्या चित्राच्या निम्मी भरते. माझ्या मते दोष पिठाचा. तू आयुष्य पिठात काढलेस, तेव्हा चांगले पीठ कोणते एवढेच कळव. कृतीबद्दल लिहिण्याचे कष्ट घेऊ नकोस, ती पुस्तकात आहे.

ही बरी आहे. दाताची काहीतरी तक्रार करते.

कळावे, लोभ आहेच, तो वाढवावा.
तुझा भाऊ


ता. १४ जानेवारी

चि. मास्तरास आक्काचे आशीर्वाद, शिल्लक असतील तेवढे.

तुझं टपाल मिळालं होतं. त्या पत्रात मी लिहिलं होतं की कारखाना बंद झाला आणि शेवटची भट्टी विझवायचं काम मला दिलं. तू भट्टीची वेलांटी दुरुस्त करून पाठवलीस. तेव्हापासून मी ती दीर्घ लिहिते. तुला लिहिण्यासारखं मात्र दुसरं काही सुचलं नाही.

आता तुझ्या कापसाविषयी. बाबा गेले तेव्हा मी आठवीतून उठले आणि त्या कारखान्यात लागले. तू तिसरीत होतास. तो कापूस रोज दोन वेळा चहात बुडवून तू बी. ए. झालास, मग बी. एड. झालास, मग हेडमास्तर झालास. तेव्हा तो घशाखाली उतरत होता. आता पेन्शनीत आल्यावर टोचायला लागला.

पीठ बिचारं निर्दोष आहे. नाचता येईना त्याचं अंगण वाकडं, हे तू मुलांना पन्नास वेळा लिहायला लावलं असशील, स्वतः एकदा लिहून काढ. बरणी किती दिवसांची आहे ते तू लिहिलं नाहीस, म्हणजे आठवड्याची असणार. थंडीत तिला पंधरा-वीस दिवस तरी हवेत. ती नीट फसफसायच्या आत तू घाईनं पीठ मळतोस आणि वेळापत्रकात लिहिलंय म्हणून भट्टीत ढकलतोस. पिठाला घड्याळ वाचता येत नाही, मास्तर. ते गार खोलीत सावकाश चढतं, उबेत लवकर. बोटानं दाबून बघायचं, खळगा हळूहळू भरत आला की तयार. सगळ्यांनाच दोन हात असतात म्हणतोस ना, त्यातलं एक बोट लाव.

पुढचं पत्रातून शिकवणार नाही. मलाही चुका काढायला तांबडी शाई विकत आणावी लागेल. शिकायचं तर इथे ये. माझ्या दोन खोल्यांत ओव्हन आहे, आठवड्यातून दोनदा आमच्या इमारतीपुरता पाव करते. एप्रन देईन.

वहिनीच्या दाताला काय झालंय ते नीट लिही. काहीतरी तक्रार म्हणजे काय?

तुझी
आक्का


ता. ९ फेब्रुवारी

ती. आक्कास,
सा. न. वि. वि.

तुझे पत्र मिळाले. भाषा रांगडी असली तरी मी मनाला लावून घेतले नाही. तुझ्याकडे येण्याची गरज आता उरलेली नाही. सोबतचा पाव पाहा. माझा एक जुना विद्यार्थी औषध कंपनीचा फिरता विक्रेता आहे, त्याच्या हाती पाठवतो आहे. पिठापासून ओव्हनपर्यंत सर्व स्वहस्ते. गेल्या तीन आठवड्यांत एकही पाव बिघडलेला नाही. वेळापत्रकात मी केवळ दोन किरकोळ फेरफार केले, आणि फरक तुझ्या समोर आहे. तुम्हा लोकांना जे शिकायला हयात लागते ते पद्धतशीर माणसाला सहा आठवड्यांत साधते, हे मी गर्वाने नव्हे, अनुभवाने लिहितो.

निवृत्तांच्या मंडळात चव दिली. सगळ्यांनी वाखाणले. येत्या २३ तारखेला वाचनालयाच्या सभागृहात माझे प्रात्यक्षिक ठेवले आहे. चाळीस जण तरी येतील. सचिवांनी छोटा ओव्हन मिळवला आहे.

दाताबद्दल विचारलेस. चौथ्या पावाच्या कवचावर हिची एक दाढ तुटली. मुळात ती किडकी असणार. डॉक्टरांकडे जाऊन आली.

कळावे, लोभ असू द्यावा.
तुझा भाऊ


ता. १३ फेब्रुवारी

चि. सौ. वहिनीस,
अनेक आशीर्वाद.

हे पत्र तुझ्या शेजारणीच्या पत्त्यावर टाकते आहे, कारण तुमच्या घरचं टपाल आधी मास्तर फोडतो.

पाव मिळाला. पाव चांगला आहे. मी सहसा चांगलं म्हणत नाही, कारखान्यात माझ्या हाताखालच्या पोरी साक्ष देतील. पण एक गोष्ट विचारते. ओव्हनमध्ये घालायच्या आधी पावावर पात्यानं एक चीर देतात, नाहीतर तो वाटेल तिथून फाटतो. उजव्या हाताच्या माणसाची चीर एका अंगाला कलते आणि डावखुऱ्याची बरोब्बर उलट्या अंगाला. भट्टीपुढे इतकी वर्षं काढल्यावर ट्रेमधला कुठला पाव कुणाचा ते मला दुरून दिसायचं. मास्तर उजवा आहे. लहानपणी त्याच्या हातात पेन्सिल मीच दिली. या पावावरची चीर डाव्या हाताची आहे.

त्या घरात डावखुरी तू एकटी. सांगायचं नसेल तर सांगू नकोस. पण मला कळलंय एवढं तुला कळू दे.

तुझ्या दाढेचं वाचून त्या पुस्तकाचा लेखक आणि आमचा बंधू या दोघांना एकाच परातीत घालून मळावंसं वाटलं.

आक्का


ता. १७ फेब्रुवारी

ती. वन्संना,
साष्टांग नमस्कार, वि. वि.

तुमचं पत्र शेजारच्या शिवणकामवाल्या बाईंनी कापडाच्या घडीत घालून आणून दिलं. तुम्ही एका चिरेवरून ओळखलंत. इथे हे रोज माझ्यासमोर बसून तो पाव खातात.

सांगते. डिसेंबरपासून माझं स्वयंपाकघर माझं राहिलं नाही. ओट्यावर वजनकाटा, थर्मामीटर, पिठाचे डबे. भाजी मी पाटावर बसून बाहेरच्या खोलीत चिरते. बरणीजवळ मोठ्यानं बोलायचं नाही, खिडकी उघडायची नाही. रोज बरणीतलं निम्मं पीठ मोरीत टाकायचं काम मात्र माझं, कारण त्यात डोकं लागत नाही. अन्न टाकवेना म्हणून मी ते एका स्टीलच्या डब्यात ठेवत गेले, पाणी तापवायच्या बंबाजवळ. उबेत ते असं काही वर आलं की झाकण उडालं. भुकेलं दिसलं की मी चिमूटभर पीठ घालायचे. बाकी काही मला कळत नव्हतं.

यांचे पाव विटा व्हायचे. वीट झाली की हे दोन दिवस तोंड पाडून बसणार आणि माझा काही दोष निघतो का ते शोधणार. दाढ तुटली तेव्हा मी तोंडावर हात धरून उभी होते, आणि यांनी वहीत लिहिलं, कवच : अपेक्षेप्रमाणे. मी वाचलं ते.

पुढे तुमचं पत्र आलं त्या आठवड्यात हे मंडळात गेले असताना मी डब्यातल्या पिठाचा गोळा मळला. त्यातलं बोटाचं वाचलं होतं, यांनी ते पत्र ‘अशास्त्रीय’ असा शेरा मारून खणात टाकलं होतं. सकाळी हे फिरायला जातात तेव्हा रात्रभर फ्रिजमध्ये ठेवलेला गोळा ओव्हनमध्ये सरकवायचं काम माझ्याकडेच असतं. ती हमाली आहे असं हे म्हणतात. मी यांचा गोळा काढला आणि माझा घातला. दाढेशिवाय चावता येईल असं काहीतरी खायला मिळावं, आणि घरात दोन दिवस शांतता असावी, एवढाच हेतू. हे परत आले, पाव कापला, आणि मला अर्धा तास समजावून सांगितलं की तो का जमला.

तेव्हा बोलायला हवं होतं. बोलले नाही. आता आठ वेळा झालंय. खरं सांगायचं तर वन्सं, मला मजा वाटायला लागली. पुढे चीड यायला लागली. आता दोन्ही नाही, नुसती कीव येते, आणि बत्तीस वर्षं ज्याच्याबरोबर काढली त्याची कीव येणं काही बरं नाही. प्रात्यक्षिक सहा दिवसांवर आलंय. मी काय करू?

तुमची
वहिनी


ता. १९ फेब्रुवारी

चि. सौ. वहिनीस आशीर्वाद.

घाईत लिहिते. बुडू दे. गुडघाभर पाण्यात कुणी मरत नाही.

तुला मात्र हे मानवणार नाही, तू घाबरट नाहीस पण मऊ आहेस. तेव्हा आधी एकदा खरं सांगून बघ. त्यानं ऐकलं तर त्याचं नशीब. नाही ऐकलं तर तुझ्या डोक्यावरचं ओझं उतरलं. त्याच्यासाठी पुन्हा पीठ मळू नकोस. मी त्याला भाकरी मिळवून दिली, तू करून घातलीस, दोघींनी मिळून हा एवढा मोठा केला. आपल्याही अकलेचे दिवेच म्हणायचे.

आक्का


ता. २५ फेब्रुवारी

ती. वन्संना,
सा. न. वि. वि.

तुम्ही म्हणालात तसं केलं. थोडं तसं, थोडं माझ्या मनानं.

२३ च्या सकाळी चहाच्या वेळी मी यांना सगळं सांगितलं. डबा दाखवला. हे हसले. म्हणाले की माझा समज होणं साहजिक आहे, ओव्हनमध्ये ढकलणाऱ्याला पाव आपणच केला असं वाटतं, आणि भाषणाच्या शेवटी माझे आभार मानायचं त्यांच्या टिपणात आधीच आहे. मग त्यांनी डब्याचं झाकण लावलं आणि तो मोरीजवळ नेऊन ठेवला.

मी यांच्या गोळ्याला हात लावला नाही. पण तुम्ही मऊ म्हणालात ते खरं. मी आदल्या दिवशी एक पाव करून ठेवला होता. तो फडक्यात बांधून पिशवीत घातला. ऐनवेळी हातात सरकवता येईल, चार लोकांत शोभा नको, असा विचार.

सभागृह भरलं होतं. निवृत्त पोस्टमास्तर, दोन डॉक्टर, यांचे जुने शिक्षक, त्यांच्या बायका. हे छान बोलले. बोलणं यांना येतंच. पाऊण तासानं ओव्हनमधून भांडं काढलं, झाकण उचललं. आत थापलेली पोळी म्हणावी असं काहीतरी. चीर दिली होती ती बुजून गेली होती. कापलं तर सुरीला चिकटलं. पोस्टमास्तरांच्या बायकोनं विचारलं की हा असाच असतो का.

मी पिशवीत हात घातला होता, वन्सं. गाठ सोडलीही होती. तेवढ्यात हे हसून लोकांना म्हणाले की काय करणार, शास्त्र कितीही नेमकं असलं तरी घरात बायकामाणसं असतात, दिवसातून पन्नास वेळा फ्रिज उघडतात, त्याला पुस्तकात उपाय नाही. सगळे हसले. माझ्याकडे बघून हसले, मीही हसेन म्हणून थांबले.

मी गाठ परत मारली, उठले आणि बाहेर आले. पायऱ्यांवर सभागृह झाडणाऱ्या बाई डबा खायला बसल्या होत्या. पाव त्यांना दिला. त्यांनी तिथल्या तिथे तोडून खाल्ला आणि विचारलं की कुठल्या दुकानातला. मी म्हटलं, माझा. एवढंच म्हटलं, पण घरी येईपर्यंत तो शब्द जिभेवर होता.

हे आले तेव्हा वेळापत्रक मी काढून टाकलं होतं आणि वजनकाटा, थर्मामीटर, पुस्तक, सगळं त्यांच्या टेबलावर नेऊन ठेवलं होतं. सांगितलं की आजपासून यांनी ओट्याकडे फिरकायचं नाही. पाव शिकायचा असेल तर ज्या बहिणीनं वाढवलं तिच्याकडे जाऊन शिकावा. ती शिकला म्हणेल तेव्हा परत यावं. हे म्हणाले की मी भावनेच्या भरात बोलते आहे. मी म्हटलं, असेल. आणि स्वयंपाकघराचं दार आतून लावून घेतलं. बत्तीस वर्षांत त्याला कडी आहे हे मला माहीतही नव्हतं.

दोन दिवस हे हॉटेलात जेवतात. आज सकाळी पोस्टाचं पाकीट घेऊन बसलेत. म्हणजे तुम्हाला लिहितील. तुम्ही नाही म्हणालात तरी माझी हरकत नाही.

आपल्या लोभात आहेच, तशीच राहू द्या.
वहिनी


ता. २५ फेब्रुवारी

ती. आक्कास,
साष्टांग नमस्कार.

प्रात्यक्षिकाचे हिने कळवले असेल. सभागृहातला ओव्हन सदोष होता. असो.

हिने काही गैरसमज करून घेतला आहे आणि सध्या ती ऐकण्याच्या मनःस्थितीत नाही. काल मंडळात गेलो तर पोस्टमास्तरांनी सगळ्यांसमोर विचारले की पाव करणाऱ्या वहिनी बऱ्या आहेत ना. सभागृह झाडणाऱ्या बाईंनी गावभर सांगितले दिसते. कुणी हसले नाही. हसले असते तर बरे झाले असते.

मी परत आलो आणि खणातले तुझे पत्र काढून पुन्हा वाचले. बोटाने दाबून पाहण्याबद्दल तू लिहिले आहेस, ते मला नीटसे समजले नाही. प्रत्यक्ष पाहावे लागेल असे वाटते.

रविवारी येऊ का? एप्रन देणार म्हणाली होतीस.

भाऊ


ता. ६ मार्च

चि. सौ. वहिनीस,
आक्काचे अनेक आशीर्वाद.

तुझं सामान माझ्याकडे पोहोचलं. उंची साडेपाच फूट, सोबत एक पुस्तक, एक थर्मामीटर आणि तीन पेनं. पेनं मी काढून माळ्यावर टाकली.

पहिले तीन दिवस पिठाला हात लावू दिला नाही. साचे घासायला लावले. त्यानं विचारलं की याचा पावाशी संबंध काय. मी म्हटलं, काही नाही, माझ्याशी आहे. घासतो बरा. कोपरे सोडतो. वरच्या मजल्यावरची नर्स पाव न्यायला आली तेव्हा तिला तो साच्याला तेल का लावतात ते समजावून सांगायला लागला. ती बिचारी दारात उभी राहून म्हणाली की तिला ड्यूटीवर जायचंय. चौथ्या दिवशी गोळा हातात दिला, तर कॉपी करणाऱ्या पोराचं मानगूट धरावं तसा धरला. पीठ चढायला ठेवलं की दर दहा मिनिटांनी फडकं उचलून बघतो. मी म्हटलं, बसून राहा. त्याला बसता येत नाही. अठ्ठावन्न वर्षांच्या माणसाला काही न करता, काही न बोलता खुर्चीत बसणं शिकवते आहे मी. पाव त्यापुढे सोपा.

त्याचा कालचा पाव वाईट नव्हता. चांगलाही नव्हता. मी तसं म्हटलं, तर वाद न घालता ताट उचलून मोरीवर घेऊन गेला.

आता आजचं सांगते, त्यासाठीच लिहायला बसले. दुपारी दोन पाव ओव्हनमध्ये होते, माझेच. मी बाही वर करून ओटा पुसत होते. हा खुर्चीत बसला होता. एकदम त्यानं विचारलं की दंडावरचे हे चट्टे कशाचे. मला वाटलं चट्ट्यांतही काही चूक सापडली. सांगितलं, भट्टीच्या दाराचे, पहिल्या आठवड्यातले. तेव्हा मी दाराच्या कडीपर्यंत पुरत नव्हते, उडी मारून ओढायचे. मुकादमानं ओलं फडकं बांधलं आणि म्हणाला की दुसरा हात शाबूत आहे ना, चल. एवढं सांगून मी थांबले, कारण एवढ्यावर लोक उठतात. त्यानं विचारलं, मग.

मग मी सांगत बसले. पहिल्या वर्षी दप्तर पिठाच्या गोणीमागे ठेवून डबा खायच्या सुट्टीत धडे वाचायचे ते. कुणी काही शिकवलं नाही, म्हाताऱ्या मिस्त्रीच्या मागे उभं राहून त्याच्या खांद्यांकडे बघत शिकले ते. पाव झाला की नाही हे डोळे मिटून वासावरून सांगायची आमची पैज लागायची आणि दोन वर्षांनी मी मिस्त्रीला हरवलं ते. त्यानं एकदाही मधे तोंड घातलं नाही. चुकीचा शब्द आला असेल, सोडून दिला. इतक्या वर्षांत हे मला कुणी विचारलं नव्हतं, वहिनी, तूसुद्धा नाही. राग मानू नकोस.

खोलीत धूर झाला तेव्हा आम्हाला कळलं. दोन्ही पाव कोळसा. वासावर पैजा जिंकणाऱ्या बाईच्या नाकासमोर. माझ्या हातून आजवर असं झालं नव्हतं. मी ओव्हनपुढे नुसती उभी राहिले. त्यानं उठून सुरी घेतली, एक पाव कागदावर धरला आणि काळं खरवडत बसला, सावकाश, कोपरे न सोडता. मग आम्ही दोघांनी तो चहाबरोबर खाल्ला. कडू होता. नर्सला आज पाव नाही म्हणून सांगायला तोच वर गेला, आणि लगेच खाली आला.

यावरून तो सुधारला असं समजू नकोस. संध्याकाळी पुन्हा मला पिठाचं शास्त्र सांगायला लागला होता. पावाचं म्हणशील तर अजून काही येत नाही, महिना तरी लागेल. तुला तो परत कधी हवा, हवा की नको, हे तू ठरव आणि सवडीनं कळव. इथे साचे पुष्कळ आहेत.

तुझ्या दाढेवर टोपी बसवून झाली का? आणि पुढचा पाव करशील तेव्हा अर्धा मला पाठव. मास्तरला चव देईन, कुणाचा ते सांगून.

लोभ आहे, तो काही कुणाला मागून वाढवायला नको.
तुझी
आक्का